एक शत्रू राखून

हाचिनोहेच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
जुन्या व्हिडिओ गेमचं माझं दुकान.
'सात घंटा : रणधुमाळी' परत विकायला येतात लोक
आणि काउंटरवर डबी ठेवता ठेवता
मतही ठेवतात.
डबीचे मी आठशे येन देतो.
मताचे काही देत नाही, ते तसंच पडून राहतं
स्टोव्हपाशी, ओल्या हातमोज्यांसारखं.

नागावाने, टपालखात्यातला:
"मूळच्या खेळांत शत्रू थांबायचा हो.
औषध देऊ की तलवार काढू, माझा विचार चालायचा,
मधेच चहा ओतून घ्यायचो,
तो आपला समोर उभा, श्वास घेत.
माझ्या पाळीची एवढी अदब
घरातसुद्धा कुणी ठेवली नाही.
आता हजार जण एकदम, एकाच साच्यातली तोंडं,
बटण दाबलं की पन्नास आडवे.
ही काय लढाई? हे तर गवत कापणं झालं."

शाळेच्या शेवटच्या वर्षातली चिगुसा
मिरुहावरून चिडलेली.
मिरुहा म्हणजे औषधवाली, सात खेळांत जिनं मुंगी मारली नाही,
काठी टेकत मागच्या रांगेत राहिली.
"इथं तीच काठी गरगरा फिरवते!
दोन हजार तीनशे बारा ठार, आणि वर हसते!"
पैसे मोजून घेतले, दारापर्यंत गेली, परत आली.
"पण मी तिलाच घेऊन खेळायचे," म्हणाली.
"किती वर्षं मागं उभी होती ना ती."

मित्सुयोबाई विकायला नव्हत्या आल्या.
त्यांना दुसरा कंट्रोलर हवा होता, पहिल्याचं बटण झिजलं.
"दिवसभर कारखान्यात माकुलं चिरते.
आतडं, शाई, डोळे, पुढचं.
रात्री पुन्हा कापतेच म्हणा,
पण इथं हाताला वास येत नाही,
आणि पडलेला पडल्या पडल्या विरून जातो,
कुणाला धुवावं लागत नाही."
गोष्ट कशी वाटली, मी विचारलं.
"गोष्ट? ती वगळायचं बटण आहे की."

मग शिमोमोरी आले, टगबोटीवरचे जुने कप्तान.
हात असे थरथरतात की बशीत कप वाजतो.
मी न विचारताच आठशे येन काढून ठेवले.
ते म्हणाले, "विकत नाही. डिस्क अडकतेय, पुसून द्या."

पुसता पुसता ऐकलं ते असं:
"पहिल्या खेळात ओत्सुमो गाव बोटभर होतं.
वरून दिसायचं, कावळ्याला दिसावं तसं.
नऊ छपरं, एक विहीर,
विहिरीत निळे चार ठिपके.
भरतीची वाट बघत बोटीवर बसायचो
तेव्हा तिथंच असायचो मी.
आता त्याच गावात यांनी लढाई लावलीय, चौथी.
रविवारी नातू येतो, नऊशे नव्व्याण्णव तो कापतो.
शेवटच्याला सोड, म्हणतो मी त्याला.
तो पडला की घंटा होते, गाव मिटतं.
मग पोरगं जेवायला जातं
आणि मी नुसता हिंडतो.
दारांना कड्या आहेत तिथल्या. मला काय माहीत!
तीस वर्षांत पहिल्यांदा विहिरीत वाकून पाहिलं.
पाणी आहे आत. हलतं."

आणि तो शेवटचा?

"येतो ना मागून. मारतो.
मी उठतो, पुढं चालतो.
मारू दे. त्याचंही गाव असेल तेच."

पुसण्याचे मी काही घेतले नाहीत.
शेल्फावर अकरा प्रती पडून आहेत,
आज भाव आणखी पाडायचा होता, राहून गेला.
काचेतून पाहिलं: रस्त्यावर बर्फ,
शिमोमोरी एकेक पाऊल चाचपत ओलांडतायत,
हात जरा पुढे धरून.
आणि वळणावर नागावानेची टपालाची लाल गाडी,
हॉर्न नाही, घाई नाही,
समोर उभी, श्वास घेत.